दिवा तोच, नाव निराळे

अचाट शक्तीच्या चित्रकथा म्हणजे मुलांची करमणूक, असे समजून आपण त्या बाजूला सारतो. परंतु आपण कशावर आणि का विश्वास ठेवतो, हा गंभीर प्रश्न त्या रंगीत पानांत दडलेला आहे.

जेरी सीगेल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन अमेरिकेतील 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याच्या बळाचे 'शास्त्रीय' स्पष्टीकरण तेथेच दिले होते: मुंगी आपल्या वजनाच्या शेकडो पट भार पेलते, नाकतोडा केवढी तरी झेप घेतो, मग अतिप्रगत ग्रहावरील मानवाला हे अशक्य का असावे? वास्तविक बरोबर तीनशे वर्षांपूर्वी, १६३८ मध्ये, गॅलिलिओने याचे उत्तर देऊन ठेवले होते. देह सर्व बाजूंनी दुप्पट झाला की त्याचे वजन आठपट होते, हाडांचे बळ मात्र चौपटच वाढते. मुंगीचे सामर्थ्य तिच्या लहानपणातच आहे.

याउलट, १९४० मध्ये आलेल्या कॅप्टन मार्व्हलच्या कथेत बिली बॅटसन हा मुलगा एका जादूगाराचे नाव उच्चारतो, वीज कोसळते आणि तो महाबली होतो. येथे जादूला जादूच म्हटले आहे. शास्त्रज्ञ आहे तो खलनायक सिव्हाना! त्याच वर्षीच्या ग्रीन लँटर्नचा दिवा उल्केच्या धातूचा, तरीही मंतरलेला होता. १९५९ मध्ये हा नायक नव्याने रंगविला गेला, तेव्हा त्याची अंगठी परग्रहवासीयाकडून आली. चमत्कार तसाच राहिला. केवळ पाटी बदलली.

कथेत हे क्षम्यच आहे, कारण तो खेळ आहे हे मूलही जाणते. प्रौढांचे काय? घरात दुखणे आले की बाटलीवरील 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे दोन शब्द आपल्याला पुरेसे वाटतात. कोणी तपासले, कसे तपासले, हे आपण विचारीत नाही. अशा वेळी 'शास्त्र' हा शब्दही मंत्रच बनतो आणि त्याची किंमत कधीकधी रुग्णाला मोजावी लागते.

विज्ञान आणि जादू यांतील सीमारेषा शब्दांत नाही. ती प्रश्नाला सामोरे जाण्याच्या तयारीत आहे. जे पडताळणीला भिते, ते प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून आले तरी जादूच होय. मुलाने 'हे खरे कशावरून?' असे विचारले, तर त्याला गप्प करू नये. बिलीने उच्चारलेल्या नावापेक्षा त्या प्रश्नात अधिक बळ आहे.