गव्हाणीतले बैल, मागी आणि मेंढपाळ

नाताळच्या गोठ्यात बाळ येशूशेजारी बैल आणि गाढव असतातच. शुभवर्तमानांत मात्र दोघांचाही पत्ता नाही. लूक फक्त गव्हाण सांगतो. मत्तय पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांविषयी लिहितो, पण ते किती होते हे सांगत नाही आणि त्यांना राजेही म्हणत नाही. जन्माची तारीख कुठेच नाही. एवढ्यावरून काही बुद्धिवादी आणि काही कडवे बायबलनिष्ठ एकाच निकालावर येतात : हे सगळे मागाहून घुसडलेले, म्हणून टाकाऊ. मागाहून आले हे खरे. पण कशासाठी आले, हे पाहिल्याशिवाय टाकाऊ कसे ठरवायचे?

बैल-गाढवाचे मूळ यशयाच्या पहिल्या अध्यायात आहे. मुकी जनावरे आपल्या धन्याला ओळखतात, त्याची प्रजा मात्र ओळखत नाही, अशी तिथली तक्रार आहे. ती ऐकलेल्या माणसांनी ही जनावरे बेथलेहेमात आणून उभी केली. चौथ्या शतकातल्या काही रोमन शवपेट्यांवर मरिया-योसेफ नाहीत, पण बैल आणि गाढव कोरलेले आहेत. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचोला खरे गवत आणि खरी जनावरे आणली, तेव्हा ही समजूत जुनी झाली होती. ही भर म्हणजे मजकुरावरचे चित्रातले भाष्य आहे. कीर्तनकार अभंगाला आख्यान जोडतो, तसेच हे.

तारखेचा वाद जरा गुंतागुंतीचा आहे. 354 च्या रोमन पंचांगात 25 डिसेंबरला येशूजन्म आहे आणि अजिंक्य सूर्याचा उत्सवही. त्यामुळे सण सूर्योपासकांकडून उचलला, असे म्हणतात. पण 25 मार्चला गर्भधारणा मानून नऊ महिने मोजले तरी हीच तारीख येते, आणि कोणते आधी घडले याचा निर्णायक पुरावा नाही. आणखी एक आक्षेप असा की, लूकमधले मेंढपाळ थंडीत रात्री रानात कसे असतील? सांगोल्याच्या माळावरच्या धनगराला हा आक्षेप विचित्र वाटेल. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तांडे, बाहेर पडतात, मेंढरे रात्री शेतात बसतात आणि माणूस राखणीला जागतो. यहूदियाचे हवामान वेगळे, त्यामुळे यातून डिसेंबर सिद्ध होत नाही. पण आक्षेप वाटतो तितका पक्का नाही, एवढे नक्की.

मग कोणतीही कथा चालेल का? नाही. ल्यूथरने पहिला नाताळवृक्ष सजवला, ही गोष्ट त्याच्या लिखाणात सापडत नाही. ती कोणत्याही वचनाला उत्तर देत नाही, नुसता मोठ्या माणसाचा शिक्का मारते. पुंडलिकाच्या विटेची कथा मात्र देव भक्तासाठी का थांबतो, या प्रश्नाशी बांधलेली आहे. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाची मुळे गवळी-धनगरांच्या देवापर्यंत नेली, तरी त्या कथेचा अर्थ कमी झाला नाही.

मागी लोकांना राजे करणाऱ्या कथेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. स्तोत्रांतले राजे आणि मत्तयातल्या तीन भेटवस्तू यांतून तीन मुकुट घडले. मेल्कियोर, कास्पर, बाल्थझार ही नावे मिळाली. गोव्यात रेइश मागुश हे चर्च त्यांच्या नावाने उभे आहे. लूकमध्ये मात्र येशूजन्माची बातमी आधी मेंढपाळांना मिळते. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुणाला ठाऊक नाही.