थकलेली मजुरी



जकातदार जक्कय उंबराच्या झाडावर चढला, ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. खाली उतरल्यावर त्याने काय केले, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. त्याने नुसता पश्चात्ताप केला नाही, तर हिशेब काढला. ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत देण्याचे त्याने सर्वांसमक्ष जाहीर केले. त्या घराला तारण लाभल्याचे प्रभूने सांगितले ते त्यानंतर. या प्रसंगाच्या प्रकाशात आम्ही आज एका मोठ्या हिशेबाचा विचार करू इच्छितो. हा हिशेब जर्मनीतील मोटार कंपन्यांचा आहे.

फोक्सवॅगनच्या कारखान्याची पायाभरणी १९३८ साली झाली. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्करी वाहने बनू लागली. जर्मन कामगार आघाडीवर गेले, तेव्हा पोलंड, सोव्हिएत संघ, फ्रान्स येथील माणसे आणून कामाला जुंपण्यात आली. त्यांत युद्धकैदी होते, छळछावणीतील ज्यू कैदीही होते. अशी सुमारे २०,००० माणसे तेथे राबली. आपल्याकडे यालाच वेठबिगारी म्हणतात. पोलिश आणि सोव्हिएत कामगार स्त्रियांची तान्ही मुले आयांपासून तोडून वेगळी ठेवली गेली. घाण, रोगराई आणि हेळसांड यांमुळे त्यांतील तीनशेहून अधिक बाळे दगावली. तेथील जबाबदार डॉक्टरला ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या निकालानुसार १९४७ साली फाशी झाली. डेमलर-बेंझ आणि बीएमडब्ल्यू यांच्या कारखान्यांतही वेठबिगार होतेच.

युद्ध संपले. कंपन्या पुन्हा उभ्या राहिल्या, त्यांच्या गाड्या जगभर धावू लागल्या. मजुरीचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असे : सरकारचा हुकूम होता, आमचा काय दोष?

१९८६ साली फोक्सवॅगनने हान्स मॉमझेन या इतिहासकाराकडे संशोधन सोपवले. त्यांचा ग्रंथ १९९६ साली आला. कारखान्याच्या व्यवस्थापनाने कैदी स्वतःहून मागून घेतले होते, हे त्यातून उघड झाले. हुकमाची सबब तेथेच संपली. डेमलर-बेंझने १९८८ साली २ कोटी मार्क दिले, पण ते संस्थांच्या हाती. १९९८ साली अमेरिकेतील न्यायालयांत दावे दाखल होऊ लागले. त्याच वर्षी फोक्सवॅगनने हयात मजुरांसाठी २ कोटी मार्कांचा निधी उभारला. पुढे २००० साली जर्मन सरकार आणि उद्योग यांनी निम्मा-निम्मा वाटा उचलून १,००० कोटी मार्कांचे प्रतिष्ठान स्थापन केले. २००१ ते २००७ या काळात त्यातून सोळा लाखांहून अधिक लोकांना रक्कम मिळाली. छळछावणीत राबलेल्याला जास्तीत जास्त १५,००० मार्क.

येथे कोणी विचारील, आजोबांच्या पापाची शिक्षा नातवाला का? तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ सालीच या दोषाचे प्रकार वेगवेगळे करून दाखवले होते. गुन्हा ज्याचा त्याचाच असतो, पण जबाबदारी पुढच्यांवरही येते. आम्ही साध्या शब्दांत असे म्हणू : ज्याला वडिलांचे दुकान हवे, त्याने वडिलांची उधारीची वहीही घ्यावी.

आणि बोट फक्त कंपन्यांकडे नको. जर्मनीतील आपल्या ख्रिस्तसभेनेही २००० साली आपली कपाटे उघडली. २००८ साली कार्डिनल कार्ल लेहमान यांच्या उपस्थितीत अहवाल प्रसिद्ध झाला. इस्पितळे, मठ अशा ७७६ कॅथलिक संस्थांत ४,८२९ परदेशी मजूर आणि १,०७५ युद्धकैदी राबवले गेल्याची नोंद त्यात आहे. ज्या घरांत रोज प्रार्थना होत होती, त्याच घरांत हे घडले. हा अहवाल दुसऱ्या कोणी नव्हे, ख्रिस्तसभेनेच छापला, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

तरीही एक खंत उरतेच. १९४५ पासून २००० पर्यंत पंचावन्न वर्षे गेली. तोवर बहुतेक मजूर देवाघरी गेले होते. पैसे द्यायची तयारी झाली, तेव्हा घेणारे बहुतेक हात उरले नव्हते. जक्कयाने मात्र हिशेबासाठी दुसरा दिवस उजाडू दिला नाही.

प्रायश्चित्त संस्कारात पापांची क्षमा मिळते, पण घेतलेले परत करण्यातून सुटका मिळत नाही, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. आपल्या घराचा स्लॅब ज्यांनी घातला, शेतात ज्यांनी लावणी केली, स्वयंपाकघरात ज्या रोज भांडी घासतात, त्यांचा शेवटचा हिशेब पुरा झाला आहे का? ‘ठेकेदार बघेल’ हे उत्तर आणि ‘हुकूम होता’ हे उत्तर एकाच जातीचे. मजुराची अडवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतात.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकदा ही वही उघडावी. कोणाचे देणे निघाले, तर तो माणूस हयात आहे तोवर त्याच्या दारी जाऊन ते चुकते करावे. त्या दिवशी आपल्याही घराला तारण लाभो. आमेन.