नाक्यावरची बातमी आणि पडद्यावरची बातमी

२१ सप्टेंबर २०२०ची पहाट. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ, पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळीसेक जीव गेले. वाहिन्यांनी ते दाखवलं नाही असं नाही. ढिगारा दाखवला, त्यातून जिवंत निघालेलं लहान मूल दाखवलं. मग जिलानी पडद्याच्या तळाशी सरकत्या पट्टीत गेली आणि तिथून कुठे गेली ते कळलं नाही. कारण त्याच आठवड्यात मुंबईत वाहिन्यांच्या गाड्या अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर सुरू झालेल्या चौकशीला निघालेल्या सिनेनट्यांच्या मोटारींमागे धावत होत्या.

पट्टीत खोटं काहीच नव्हतं. वाहिन्यांच्या विश्वासार्हतेची चर्चा नेहमी खऱ्याखोट्यावर अडते, ती मला म्हणूनच अपुरी वाटते. इमारतीला नोटीस गेली होती का, पुढे काय झालं, भाडं कोण घेत होतं, हे विचारायला आठवडे लागतात आणि त्यात पाठलाग नसतो. गावातला स्ट्रिंगर, म्हणजे वाहिनीचा स्थानिक वार्ताहर, हे सगळं जाणून असतो, पण त्याच्याकडे मागतात बाइट.

टीआरपीचं गणितही पाहा. तेव्हा देशात टीव्ही असलेली जवळपास २० कोटी घरं आणि कोण काय बघतं ते मोजणारे मीटर सुमारे ४४ हजार. मीटर बसतो कुटुंबाच्या घरात. यंत्रमागावर बारा तास उभं राहून पाळीपाळीनं एकाच खोलीत झोपणारा, खाणावळीतल्या टीव्हीकडे बघत जेवणारा कामगार या हिशेबात येतो कुठे? त्याच ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर होणं बंद झालं, ते मार्च २०२२पर्यंत. मधल्या काळात पडद्यावरचा आरडाओरडा कमी झाल्याचं मला तरी जाणवलं नाही. म्हणजे सगळा दोष मीटरवर ढकलता येत नाही.

बातमीची किंमत काय असते ते भिवंडी गावानं महागात शिकलं आहे. मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, त्यावर न्यायमूर्ती मादन आयोग बसला. १९८४च्या मे महिन्यात गाव पुन्हा जळालं. दोन्ही वेळी खाजगी वाहिन्या नव्हत्या. अफवांना त्यांची गरजही नव्हती. १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. काम साधंच होतं : दोन्हीकडची माणसं एकत्र बसवायची, म्हणजे काही कानावर आलं की पलीकडच्या माणसालाच विचारता येतं, ‘खरं काय?’ डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

त्या कमिटीत बातमी सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर चहा प्यायचा असायचा. चुकीचं बोललं तर तोंड दाखवायची चोरी. माझ्या मते विश्वासार्हतेचं मूळ इथं आहे, आणि स्टुडिओतल्या निवेदकाला नेमकी हीच धास्ती नाही. तो भिवंडीबद्दल रात्री नऊला काहीही बोलू शकतो, सकाळी त्याला इथल्या खड्ड्यांतून जायचं नसतं. (मुंबई दूरदर्शनवर प्रदीप भिडे बातम्या वाचायचे तेव्हा त्या सरकारी असतात हे घराघरात ठाऊक होतं, त्यामुळे किती विश्वास ठेवायचा तेही ठाऊक होतं. आताचा गोंधळ असा की स्वतंत्र कोण, हेच उमगत नाही.)

१८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सुशांतसिंह प्रकरणाच्या वार्तांकनावरच्या निकालात माध्यमांनीच खटला चालवल्यानं (‘मीडिया ट्रायल’नं) न्यायदानात ढवळाढवळ होते असं बजावलं. निकाल चांगला आहे. पण कोर्ट फार तर काय दाखवू नका ते सांगेल. जिलानी कोसळल्याच्या पाचव्या दिवशी कॅमेरा परत पाठवा, असं कुठलंही कोर्ट सांगणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर लाल अक्षरांत ‘भिवंडी’ झळकलं, तर आवाज बंद करा आणि इथं कोणी ओळखीचं असेल त्याला फोन लावा. यंत्रमागांच्या खडखडाटात त्याला नीट ऐकू येणार नाही, तरी दोनदा विचारा.