मुद्रेचा चरण

समाजमाध्यमांवर मजकूर पुढे पाठवणारा दोघांचे देणे लागतो: लिहिणाऱ्याचे आणि शोधून आणणाऱ्याचे. नुसती लिंक पाठवली तर लेखकाचा पत्ता निदान टिकतो. आतला मजकूर उचलून चिकटवला, की तोही जातो.

नाव रचनेतच गुंफण्याची सोय संतांनी केव्हाच करून ठेवली आहे. अमरावती जिल्ह्यातील यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) भजनांत शेवटी 'तुकड्या' ही मुद्रा येते. खंजिरीवर भजन पुरे म्हटले, की कर्त्याचे नावही म्हटले जाते. सुप्रभाताच्या चित्रावर मात्र मधल्या दोनच ओळी मावतात. मुद्रेचा चरण गळतो आणि कोपऱ्यात चित्र करणाऱ्याचे नाव मोबाइल क्रमांकासह झळकते!

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाला स्वतःचे कर्तेपण सांगण्याचा हक्क देते. प्रकाशनाचे हक्क विकले तरी तो उरतो. पण दोन ओळींसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून हा प्रश्न मुख्यतः रीतभातीचाच राहतो. 'लेखक अज्ञात' ही त्यातली सोयीची पळवाट. बहुतेकदा तिचा अर्थ 'शोधले नाही' एवढाच असतो. जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट वेगळी. तिथे 'पारंपरिक' लिहिणे रास्त.

शेतीच्या गटांत नाव गाळणे अधिक महागात पडू शकते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा बोंडअळीवरचा सल्ला त्या हंगामापुरता, कपाशीच्या त्या अवस्थेपुरता असतो. विद्यापीठाचे नाव आणि तारीख कापून तोच पुढच्या वर्षी फिरला, तर औषधाच्या प्रमाणाची शंका शेतकऱ्याने विचारायची कोणाला? फवारणी जिवावर कशी बेतते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७मध्ये पाहिले आहे. व्हॉट्सॲपने २०१८मध्ये आणलेला 'फॉरवर्डेड' हा शिक्का मजकूर दुसरीकडून आल्याचे सांगतो, कोणाचा ते सांगत नाही. ते पाठवणाऱ्यानेच लिहावे लागते: लेखक किंवा संस्था, तारीख आणि शक्य तर मूळ लिंक.

शोधून आणणाऱ्याचे देणे हलके आहे. 'अमुक यांच्याकडून' एवढे म्हटले तरी फिटते. मात्र नातलगांच्या किंवा गावकीच्या गटात आलेला मजकूर बाहेर नेताना पाठवणाऱ्याचे नाव त्याला विचारल्याशिवाय जोडू नये. मूळ लेखकाचे नाव द्यायला अशी परवानगी लागत नाही.