हँडलवरचा हात

मूकपटातला वेळ कॅमेरामनच्या मनगटात असे. कॅमेऱ्याच्या हँडलचे सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ फ्रेम. हात मंदावला की पडद्यावरचा माणूस पळू लागे. हात घाईला आला की तोच माणूस तरंगे. समोर कुणी हंबरडा फोडो की कुणाची मान कापली जावो, ह्याने आपला आकडा चुकवायचा नाही. आज ते मूकपट चोवीसच्या वेगाने लावले की माणसं टुणटुणत चालतात आणि प्रेक्षक हसतात. हसं होतं त्या काळाचं, चूक असते आजच्या यंत्राची.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल ओठ काळे, निळं आभाळ पांढरंफटक. तेव्हा स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून चालत नसे. फिल्मच्या आंधळेपणाने बघता येणं हेच कसब.

अमेरिकेतला बिली बिट्झर मूळचा चांदीकाम शिकलेला. १९०८पासून दीडेक दशक तो दिग्दर्शक ग्रिफिथचा कॅमेरामन होता. सूर्य पाठीशी ठेवूनच चित्रण करायचं, हा तेव्हाचा दंडक. एकदा नटी मेरी पिकफर्ड समोर बसली होती आणि ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. ह्याने गंमत म्हणून हँडल फिरवलं. केसांभोवती उजेडाची कडा आली आणि जमिनीवरून उलटलेल्या उन्हाने चेहराही उजळला. हा किस्सा त्याचाच, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चालू. पण दंडक पुष्कळदा असेच मोडतात. आधी हात धजावतो, शहाणपण मागून येतं.

ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये (१९१५) बिट्झरने पदरची पुंजीही घातली. चित्रण अप्रतिम, आणि गौरव गोऱ्या वर्चस्ववादी कू क्लक्स क्लॅनचा. उजेडाला काही पाप-पुण्य कळत नाही. तो पाडणाऱ्याला मात्र ती सबब मिळू नये. ग्रिफिथला शिव्या पडतात, बिट्झर सुटतो. नाव न होण्याचा एवढा एक फायदा.

पुढे ग्रिफिथला धूसर, मऊ चेहरे आवडू लागले. त्यासाठी हेन्ड्रिक सार्टोव्ह हा दुसरा कॅमेरामन आला. बिट्झरला कुणी काढलं नाही, फक्त विचारणं कमी झालं. मग बोलपट आले. आवाजाला एकसारखी गती लागते, म्हणून कॅमेऱ्याला मोटर बसली. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये कॅमेरामनांची संघटना उभी करण्यात बिट्झर पुढे होता. पुढे काही वर्षांतच त्याच्याकडे काम उरलं नव्हतं.