अजाणतेपणी घडणारी हिंसा

पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या आश्रयास आला आणि स्वामींनी त्याचे रक्षण केले, ही लीळा पंथात सर्वश्रुत आहे. तेथे मारणारे समोर उभे होते व त्यांचा हेतूही उघड होता. परंतु जेथे मारणाऱ्यास आपण मारीत आहो हेच ठाऊक नसते, किंबहुना ज्याचे कृत्य दयेतूनच उपजते, तेथे दोष कोणाचा, हा प्रश्न विचारणीय आहे.

गिधाडांचा ऱ्हास हे याचे ठळक उदाहरण होय. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात शेकडा ९९ हूनही अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध याचे कारण असल्याचे २००४ साली उघड झाले. दुखणाईत गुराला ते टोचावे, ते गुरू दगावावे, त्याचे शव गिधाडांनी खावे आणि मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांनी प्राण सोडावा, असा हा क्रम. मादी वर्षास एकच अंडे घालते. म्हणून झालेली हानी लवकर भरून येत नाही.

कोणी शंका घेईल की, गिधाड मांसाहारी आहे. त्याचे रक्षण म्हणजे हिंसेस साहाय्य नव्हे काय? याचे समाधान असे. गिधाड मेलेलेच खाते. शिवाय स्वामींनी सशाचे गुणदोष पाहिले नाहीत. त्याचे भय पाहिले. दया ही पात्रता पारखून करावयाची वस्तू नव्हे.

दुसरी शंका अशी की, औषध देणाऱ्याचा हेतू गुराची पीडा हरण्याचा होता. मग त्यास दोष कसा? जोवर परिणाम अज्ञात होता, तोवर हे म्हणणे ग्राह्य आहे. परंतु २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हे निर्धोक औषधही उपलब्ध झाले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांतून ते गुरांना दिले जात राहिले. म्हणून २०१५ साली ती कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ साली ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवरही जनावरांकरिता बंदी आली. ज्ञान झाल्यावर जो विचारीत नाही, त्याचे अज्ञान निर्दोष राहत नाही. ते त्याने स्वतः पत्करलेले असते.

ससा शरण येऊ शकला, कारण त्यास आपले मारेकरी दिसत होते. गिधाडास आपला मृत्यू कोठून येतो हे कळत नाही. ते कोणास शरण जाणार? म्हणून जाणणाऱ्यानेच पुढे व्हावे. ज्या वासनिकांच्या गोठ्यात गुरे आहेत, त्यांनी टोचण्यापूर्वी पशुवैद्यास औषधाचे नाव विचारावे. एवढ्या एका प्रश्नानेही अहिंसेचे आचरण घडते.