परतीचा फेरा

केलेले कर्म परतविता येते काय, या प्रश्नाचा आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ खल करून ठेवला असला, तरी त्याचे मर्म मला उमगले ते कोल्हापुरास उद्यमनगरातील एका लहानशा कारखान्यात, लेथवर आटे पाडणाऱ्या एका वयस्क टर्नरच्या शेजारी उभे असताना. यंत्र जुने, त्याचा लीड स्क्रू इंची मापाचा. आणि १९५६ च्या कायद्याने दशमान मापे देशात रुजू झालेली असल्यामुळे पाडावयाचे आटे मात्र दीड मिलिमीटरचे. अशा विजोड संसारात, टूल वाहणाऱ्या कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट एकदा उघडला, की टूल आणि जॉब यांचा मेळ मोडतो आणि पुढची खेप मूळ खाचेतच पडेल याची हमी राहत नाही. म्हणून पकड न सोडता स्पिंडल थांबवावयाचा आणि तो उलटा फिरवूनच कॅरेज मागे आणावयाचे.

एका हाताने मोटर बंद करावयाची, त्याच क्षणी दुसऱ्या हाताने टूल खाचेबाहेर काढावयाचे, आणि मग चक पुरता निश्चल होईपर्यंत स्वस्थ उभे राहावयाचे. कारण चक स्पिंडलवर आट्यांनीच बसविलेला असल्याने, एकाएकी उलटी गती दिल्यास तो जडत्वाने पुढेच धावू पाहतो आणि सुटून अंगावर येतो. उलट फेरा सुरू झाल्यावरही दात्यांतील ढिलाई संपेतो कॅरेज जागचे हलत नाही, आणि टूल खाचेत राहून गेलेच असेल, तर ते आल्या वाटेने न परतता बाजूची भिंत खरवडते.

ज्ञानोत्तर देह का टिकतो हे सांगताना सांख्यकारिकेने पूर्वसंस्काराने फिरत राहणाऱ्या चाकाचा दृष्टान्त दिला आहे. दृष्टान्त उत्तम, पण त्या चाकास फार तर थांबणे ठाऊक, उलट फिरणे त्याच्या कुंडलीतच नाही. प्रायश्चित्ताच्या विचारास मला लेथच अधिक सोयीचा वाटतो. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणूनबुजून करणारा मात्र त्याने केवळ व्यवहार्य होतो, म्हणजे लोकांनी त्याच्याशी व्यवहार ठेवण्यास हरकत उरत नाही, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा निवाडा आहे, आणि तो मला पूर्वी (खोटे कशाला बोलू?) निव्वळ कारकुनी वाटत असे. आता वाटत नाही. स्पिंडल कितीही उलटा फिरविला तरी खाली ट्रेमध्ये पडलेला, तेलाने माखलेला बुरा काही जॉबला परत चिकटत नाही, आणि परतीच्या फेऱ्याकडे त्याची मागणीही नसते. हा फेरा टूलला आरंभापाशी आणतो, तेही केलेल्या खाचेशी असलेले नाते न तोडता. 'झाले गेले विसरा' म्हणणारा मनुष्य हाफ नट उघडून हाताने कॅरेज मागे ढकलतो. लवकर पोचतो खरा, पण पुढच्या खेपेस दुसरीच खाच पाडतो.

टर्नरने कॅरेज आट्यांच्या आरंभाच्याही पलीकडे चार बोटे नेऊन थांबविले. स्पिंडल सुलट सुरू झाला, ढिलाई रिकाम्या जागेतच संपली, आणि किंचित अधिक आत घेतलेले टूल जुन्या खाचेत उतरले.